पितळेच्या वाघिणी

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की आमच्या सोसायटीतल्या बायकांना गाद्या आठवतात. गच्चीवर गाद्या, कठड्यावर रजया, ग्रिलला लटकलेल्या उशा. चार महिने पावसानं जे जे ओलं आणि कुबट करून ठेवलं, ते सगळं सानपाड्याच्या उन्हात बाहेर येतं. मला मात्र ह्या उन्हाबरोबर थिनरचा वास येतो. खरा नसला तरी येतो. नाकात कुठेतरी तो मुक्कामालाच आहे. आमच्या घरातल्या गाद्यांना गेली दहा वर्षं ऑक्टोबरचं ऊन मिळालेलं नाही, कारण ऊन जिथे येतं तिथे आमच्या ह्यांची मालगाडी उभी असते.

मालगाडी म्हणजे खरी नव्हे हो. पितळेची. एकेक डबा वीतभर. ह्यांच्या भाषेत 'वाघीण'. मालडब्याला वाघीण म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं, आणि वीतभर पितळेलाही वाघीणच म्हणायचं हे ह्यांच्या निवृत्तीनंतर. अशा बावीस वाघिणी माझ्या हॉलच्या शोकेसमध्ये बसल्यात. तिथे पूर्वी माझा काचेचा लेमन सेट होता. तो आता माळ्यावर आहे. पाहुणे आले की सरबत स्टीलच्या पेल्यातून आणि वाघिणी काचेतून.

आता पितळ म्हटलं की मला काय आठवावं हे काही माझ्या हातात नाही. माझे वडील, आमचे दादा, चिपळूणच्या बाजारपेठेत पितळेची भांडी विकायचे आणि दुकानामागच्या पडवीत भांड्यांना कल्हई करून द्यायचे. घागर, हंडा, परात, तपेली, समई. पितळ म्हणजे ज्यात पाणी तापतं, वरण शिजतं, देव न्हातो. काही उपयोग नाही असं पितळ मी कधी पाहिलंच नव्हतं. साठी जवळ आल्यावर पाहिलं. ज्यात पाणी राहत नाही, ज्यावर झाकण बसत नाही, ज्याच्या बुडाला आठ चाकं आहेत आणि ती चाकं कुठेही जात नाहीत, अशी वस्तू पितळेची करायची. आणि मग वरून रंग फासून ती पितळेची आहे हे झाकून टाकायचं! सांगा, ह्याला काय म्हणायचं?

हे मूळचे देशावरचे. सासरे एका लहानशा स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते आणि क्वार्टर रुळाला लागून. लहानपणी हे पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजायचे. सगळ्यात शेवटी गार्डाचा डबा यायचा, त्याच्या कठड्याशी एक माणूस उभा असायचा आणि तो ह्यांना हात करायचा. बस्स, एवढंच. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकली आहे की तो गार्ड मला आता सासरच्या नातेवाइकांपैकीच वाटतो. एखाद्या कार्याची पत्रिका त्याला द्यायची राहिली की काय, असं मनात येतं. पुढे हे रेल्वेत गेलेच नाहीत. तुर्भ्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळलं, तेही नीट, शिस्तीत, निवृत्त होईपर्यंत. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात, नातवंडं सांभाळतात, निदान सोसायटीच्या मिटिंगमध्ये जाऊन पार्किंगवरून भांडतात. ह्यांनी मालगाडी काढली.

आणि ती तरी आपली असावी की नाही? तेही नाही. ह्यांचा भाचा अमेरिकेत. तिकडे जुन्या शौकिनांच्या घरांतून असले डबे विकायला निघतात, भाचा सुट्टीला येताना एक-दोन डबे लोकरी मोज्यात कोंबून घेऊन येतो. बनलेले जपानात, माप अमेरिकेतल्या गाड्यांचं, आणि येऊन बसले सानपाड्यात. एक कोळशाचा, तिरक्या पोटाचा. एक लाकडाचे ओंडके वाहायचा, नुसत्या फळीसारखा. एक आहे फटीफटींचा. मी विचारलं, ह्याला फटी कशाला? हे म्हणाले, "जनावरांचा डबा आहे. गाईगुरं जायची त्यातून."

"कुठे जायची?"

"कुठे म्हणजे... कत्तलखान्यात."

घ्या. माझ्या देवघरापासून चार हातांवर कत्तलखान्याला निघालेली गाडी. मी तो डबा शोकेसच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, कोळशाच्या मागे ढकलला. हे दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पुढे आणून ठेवायचे. असं आमचं कितीतरी दिवस चाललं होतं. लेक म्हणायची, "आई, खेळणं आहे ते, कशाला टेन्शन घेतेस?" तिला काय, ती करंजाड्याला राहते. तिच्या हॉलमध्ये टीव्ही आहे.

ह्या वेडात आमचे हे एकटे नाहीत असं कळलं तेव्हा मला आधी बरं वाटलं आणि मग जास्त भीती वाटली. असे सहा-सात जण आहेत. सगळे निवृत्त, सगळे गंभीर. मोबाईलवर त्यांचा ग्रुप आहे, त्यात दिवसभर चाकांचे फोटो. त्यांचे पुढारी म्हणजे नेरूळचे प्रधान. बँकेतून रिटायर झालेले, गोरेघारे, शर्टाच्या खिशात भिंग. एकदा आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. एसीच्या खोलीत भिंतभर कपाट, कपाटात सारखी सारखी खोकी. प्रधानांनी पांढरे हातमोजे घातले, ह्यांनाही एक जोड दिला, एक खोकं उचललं, झाकण काढलं, स्पंज काढला, पातळ कागद उलगडला आणि म्हणाले, "वहिनी, जरा लांबून हां. श्वासानं डाग पडतो."

मी त्यांच्या घरी अर्धा तास श्वास आवरून चहाची वाट पाहिली. चहा आला नाही. वाफेनं पितळ काळवंडतं म्हणे.

प्रधानांचं तत्त्व एकच. रंग लावायचा नाही. "पेंट केलं की व्हॅल्यू गेली, वहिनी," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी ते जपासारखं म्हणू शकेन. मी एकदा विचारलं, "मग तुम्ही ते बघता कधी?" तर म्हणाले, "बघायचं कशाला? आपल्याकडे आहे ना." हा माणूस बँकेत होता हे शोभलं खरं. लॉकरमध्ये ठेवलेल्या मंगळसूत्रासारखा प्रधानांचा संसार. घालायचं कधीच नाही, फक्त आहे.

म्हणजे बघा, एक जण रंग लावून पितळ लपवणारा आणि दुसरा खोक्यात घालून पितळ लपवणारा. दोघांमध्ये डावं-उजवं करायची वेळ माझ्यावर आली तर... जाऊ दे, आमचे हे परवडले. निदान घरी तरी हे उघड्या हातांनी वाघिणी धरायचे. मोजे घालायला सांगितलं तर म्हणायचे, "आपल्याच तर आहेत." आणि अमेरिकेचं ह्यांनी काही मनावरही घेतलं नाही. कोळशाची असो, लाकडाची असो की त्या बिचाऱ्या गाईंची, सगळ्यांना एकच रंग. पायरीवर बसून दिसायचा तो. विटेसारखा, जुन्या गेरूसारखा. प्रधान कपाळाला हात लावायचे. "अहो, त्या कंपनीचा डबा पिवळा असायचा!" हे म्हणायचे, "आमच्याकडून जायचा तेव्हा असाच असायचा."

रंगाचा मोसम ठरलेला. पावसात जमत नाही. हवेत ओल असली की ओल्या रंगावर दूध सांडल्यासारखा पांढुरका पडदा येतो. म्हणून हे आषाढापासून वाट बघत बसायचे. गणपतीत घरात आरती चाललेली आणि ह्यांचं लक्ष खिडकीबाहेर, ढग किती आहेत. घट बसले की ड्राय बाल्कनीचा ताबा. ड्राय बाल्कनी म्हणजे आमच्या स्वयंपाकघरामागचा चिंचोळा तुकडा, तिथे माझं कपड्यांचं मशीन, बादल्या, दोऱ्या. सगळं उचलून बाहेर. त्या जागी टेबल, दिवा, रंगाच्या बाटल्या, आणि रंग फवारायचा तो एअरब्रश. त्याचा पंप असा आवाज करतो की मिक्सरला दमा झालाय. बरं, रंग नुसता वाळून भागत नाही, तो भाजावा लागतो. कुठे? माझ्या ओव्हनमध्ये. ज्या ओव्हनमध्ये मी दिवाळीच्या नानकटाया करायचे, त्यात आता वाघिणी भाजल्या जातात. पहिल्याच वर्षी नानकटायांना वास लागला. लेकीच्या सासूबाईंनी एक तोंडात टाकली, बराच वेळ चघळली आणि म्हणाल्या, "वेलदोडा वेगळाय का हो?"

त्या पहिल्या ऑक्टोबरात मी बोलले होते. हे मला इथे मुद्दाम लिहून ठेवायचंय.

पहिली वाघीण रंगवायची म्हणून प्रधान बघायला आले होते. बघायला म्हणजे हळहळायला. मी चहा घेऊन गेले. ह्यांनी डबा भांड्याच्या साबणानं धुतला होता, पुसला होता आणि हातात धरून, जिथे रंग जायला नको तिथे चिकटपट्टी लावत होते. मी म्हटलं, "अहो, चिंचेनं धुतलात का? पितळ आहे ते. आंबट लागल्याशिवाय त्यावर काही बसायचं नाही. आणि धुतल्यावर बोट लावायचं नाही."

हे मान वर न करता म्हणाले, "अगं, हे मॉडेलिंग आहे. भांडी घासणं नव्हे."

प्रधान हसले. "वहिनी, दिवाळीला आमचीही आणून देतो हां, घासायला!"

मग दोघंही हसले. प्रधानांचं हसू थांबल्यावरही ह्यांचं क्षणभर चालूच राहिलं. तो क्षण मी मोजला. चहा ठेवला आणि आत आले.

आता ह्यांना काय सांगायचं की मी कुठल्या शाळेत शिकले ते. पुस्तकातली शाळा सातवीपर्यंत, पण पडवीतली शाळा त्याच्या आधीपासूनची. भट्टीवर कल्हईसाठी भांडं चढवायच्या आधी ते चिंचेनं घासून, धुऊन कोरं करायचं. कोरं झालं की सांडशीनंच उचलायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, सांडशी सापडेना, मी परात सरळ हातानं उचलून दादांपुढे ठेवली. परात तापली, नवसागराचा पांढरा धूर निघाला, दादांनी कापसानं कथील फिरवलं, आणि चांदीसारख्या त्या परातीत माझ्या पाच बोटांचे पाच काळे डाग. तिथे कथील धरेचना. दादा रागावले नाहीत. म्हणाले, "आंबट लागलं की पितळ कोरं होतं, बाय. कोऱ्यावर बोट लावलंस की ते तुझं झालं. मग ते कल्हईचं होत नाही." आणि परात परत घासायला माझ्याकडेच दिली.

तर मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ह्यांना डोक्याला खोबरेल तेल लागतं. रोज सकाळी, आंघोळ झाल्यावर, चांगलं थापून. त्याशिवाय दिवस उगवत नाही. आणि विचार करताना हे हात डोक्यावरून फिरवतात, पुढून मागे, मागून पुढे. एकदा डोक्यावर हात, मग वाघिणीला हात. पुन्हा डोक्यावर, पुन्हा वाघिणीला. तीन-चार महिने गेले की रंगाचे पोपडे निघायचे. कुठे? छताच्या कडेला, दाराच्या कडीपाशी. बरोबर जिथे अंगठा टेकतो तिथे. हे भिंग लावून बघायचे आणि म्हणायचे, "खाडीची हवा खारी आहे." पुढच्या वर्षी म्हणाले, "कारखान्यांचा धूर आहे, दिघ्यापासून इथपर्यंत येतो." त्याच्या पुढच्या वर्षी रंगाची कंपनी बदलली. मग थिनर बदललं. मग पंप नवा आला, त्याचा दमा आणखी वाढलेला.

आणि ते तेल रोज सकाळी ह्यांच्या डोक्याला कोण लावायचं? मीच की. हे रंगाच्या बाटल्या बदलत राहिले आणि मी तेल लावत राहिले. भांडी घासणं नव्हे ना? मग बसा.

प्रधानांबद्दल मला तुच्छता वाटते असं मी आत्तापर्यंत लिहिलं. अजूनही वाटते. पण कुणाचा रंग दर वर्षी उडतोय हे उघड्या डोळ्यांनी बघत, त्याच माणसाच्या टाळूवर तेल जिरवणाऱ्या बाईबद्दल काय वाटावं, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं ठरलंय.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर मात्र वेगळा होता.

ह्यांचा उजवा हात थरथरत होता, वर्षभर आधीपासून. आम्ही दोघंही 'वय झालं' म्हणून एकमेकांशी खोटं बोलत होतो. मग चहा बशीत सांडायला लागला आणि डॉक्टरकडे गेलो. कंपवात. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगितलं, गोळ्या दिल्या. घरी येताना रिक्षात हे एकदाच बोलले. "गार्डाचा डबा राहिलाय."

बाविसावी वाघीण ती. भाच्यानं गणपतीत आणून दिली होती, करड्या मोज्यात. एकवीस मालडबे शोकेसमध्ये उभे, पण शेवटी गार्डाचा डबा नसेल तर ती गाडी नव्हे. तिला स्टेशनातून कोणी सोडत नाही, असं ह्यांचं म्हणणं. म्हणजे इतकी वर्षं माझ्या हॉलमध्ये जे उभं होतं ते गाडीसुद्धा नव्हतं. नुसते डबे.

नवरात्रात ह्यांनी तो रंगवला. पंप घरघरला, ओव्हन तापला, दसऱ्याची पुरी मी थिनरच्या वासात तळली. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी हे चिकटपट्टी काढायला बसले. पट्टी ओढली, आणि पट्टीबरोबर छताचा रंग बोटभर रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सालीसारखा निघून आला. ह्या खेपेला चार महिनेही लागले नाहीत. हात थरथरतो म्हणून डबा घट्ट धरावा लागत होता, तेवढं तेलही घट्ट बसलं.

हे ती पट्टी हातात धरून बसले. उन्हात ती फडफडत होती. वारा नव्हता.

"हवाच वाईट आहे यंदा," म्हणाले. आणि मग, "पुढच्या ऑक्टोबरला हात एवढाही राहायचा नाही." कुरकुर नाही, काही नाही. स्टोअरमधला माल संपला असं कळवावं, तसं.

आणि मी तरीही बोलले नाही. बघा माझा कोडगेपणा. स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबीर निवडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताराबाई आली. सानपाडा गावातली आमची मासळीवाली, वीस वर्षांची ओळख. दारात बसून बोंबील साफ करून देते आणि तेवढ्यात सगळ्या मजल्याची खबर घेते. तो अर्धा सोललेला डबा ह्यांनी चपलांच्या रॅकवर ठेवून दिला होता. फेकलेला नाही, पण घरातही नाही. ताराबाईनं हातातली सुरी थांबवली.

"यो काय गो, बाय?"

"ह्यांचा गाडीचा डबा. रंग धरत नाही त्यावर."

"पितलेचा हाय नं?"

"हो."

"मंग चिचेनं घासाचा नाय का? पितलेला काय न्हवीन सांगाला लागतं?" ती माझ्याकडे बघत राहिली. "आनि तू तं भांडीवाल्याची पोर. नवऱ्याला सांगलंस नाय?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं."

"मंग आयकलान नाय?"

"हसले."

"हासले!" ताराबाईनं बोंबलाचं डोकं उडवलं. "बाप्यांची जात, हासनारच. म्हनून काय तू आपली गप? येरी का खुली?"

सरळ प्रश्न होता. बोंबील घेतले आणि दार लावलं.

दुपारी हे आडवे झाले होते. मी गार्डाचा डबा उचलला, उरलेला रंग ह्यांच्याच थिनरनं उतरवला, वाटीभर चिंच मीठ घालून कालवली आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन मोरीशी बसले. कितीतरी वर्षांनी मी असं पितळ हातात घेत होते, ज्याचं काय करायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. बारीक काम हो. खसखशीएवढे खिळे. केसाएवढ्या दांड्यांची शिडी. मागच्या कठड्याला एक चाक, करंगळीच्या नखाएवढं, आणि ते फिरतं. कोण चढणार होतं त्या शिडीवर? कोण फिरवणार होतं ते चाक? मी खिडकीतून ब्रशाचे केस आत घातले तर आत काहीतरी लागलं. उजेडात धरून पाहिलं. आत, कुणाला दिसेल न दिसेल असा, एक बाक होता. गार्डाला बसायला.

काय हा मूर्खपणा, म्हटलं. आणि बाकही घासला.

मागे हे उभे होते. कधी उठले कळलं नाही.

"काय करतेयस?"

"भांडी घासतेय."

मी दोन पाण्यांनी डबा धुतला, सांडशीनं उचलला आणि ड्राय बाल्कनीतल्या उन्हात ताटलीवर ठेवला. कोरा झाला होता. प्रधानांच्या कुठल्याही खोक्यात असा नसेल. फिकट, जरा गुलाबीसर, दादांच्या पडवीतला. हे पुढे झाले, सवयीनं डोक्यावरून हात फिरवला आणि तोच हात पुढे केला.

"खबरदार," मी म्हटलं. "बोट लावलंत तर याद राखा."

सांडशीत धरून मी डबा फिरवत राहिले आणि ह्यांनी रंग फवारला. हात थरथरत होता, पण फवाऱ्याला थरथर कळत नाही. गेरूचं धुकं येऊन हळूच बसत होतं. माझ्या मनगटावर, मशीनवर, दोरीवर राहिलेल्या एका पेटीकोटवर. पट्टीसुद्धा ह्या खेपेला मी चिमट्यानं लावली होती. मग ओव्हन, मग तीन दिवस वाट. पट्टी काढली तर धार कशी, सुरीनं कापलेल्या शंकरपाळ्यासारखी सरळ. ह्यांनी नखानं खरवडून पाहिलं. नखाला काही आलं नाही. दुसऱ्या जागी खरवडलं. नाही.

"हे तुला कधी सुचलं?"

कालच, असं म्हणता आलं असतं. ताराबाईनं सांगितलं, असंही. मी म्हटलं, "सुचलं नाही. माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या वाघिणीपासून."

हे वळून शोकेसकडे बघत राहिले. एकवीस वाघिणी, प्रत्येकीच्या अंगावर खरूज.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही दोघं हसलात."

"मी?" ह्यांनी खरंच आठवून पाहिलं. चेहऱ्यावर सगळं दिसत होतं, स्टोअरचं एकेक कपाट उघडून शोधल्यासारखं. "मी हसलो होतो?"

आठवतच नव्हतं हो ह्यांना. जे ह्यांच्या डोक्यातून त्याच संध्याकाळी पुसलं गेलं, ते मी इतकी वर्षं कोरं ठेवून, बोटही लागू न देता सांभाळलं होतं. प्रधानांची खोकी तरी काय वेगळी असतात? स्पंजात ठेवलेलं, हवा न लागलेलं, बघायचं नाही, फक्त आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलाची बाटली घेऊन ह्यांच्या मागे गेले. ह्यांनी मान बाजूला घेतली. "राहू दे. माझं मी लावीन."

दिवाळीला प्रधान आले. फराळाच्या ताटाकडे न बघता आधी शोकेसकडे गेले आणि गार्डाचा डबा काढायला सांगितला. खिशातून भिंग, मग नख. "अरे वा! पक्का बसलाय. प्रायमर कुठला वापरलात?"

हे माझ्याकडे बघत म्हणाले, "घरचा आहे."

"कुठून मागवला?"

"चिपळूणहून."

प्रधानांनी मान हलवली, चकली उचलली. "मस्त. पण व्हॅल्यू गेली."

मला वाटलं, झालं, मिटलं. पण दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नानाला सुद्धा ह्यांनी डोक्याला मला हात लावू दिला नाही. चारचौघांत 'घरचा' म्हणणारा माणूस घरात मात्र मान वळवत होता. वर्षभर स्वतःच्या थरथरत्या हातांनी तेल लावलं. अर्धं डोक्यावर, अर्धं कॉलरवर, कानामागून ओघळ. वर्षभर मी तेलकट उशा धुतल्या. बोलायला तोंड होतं कुठे? लेक म्हणाली, "बाबांना तेल लावून देत जा ना, केवढं सांडतात." मी म्हटलं, "त्यांना नको आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. हुशार आहे.

आणि आता हा ऑक्टोबर पुन्हा. परवा समोरच्या गच्चीवर गाद्या पडलेल्या पाहिल्या. ड्राय बाल्कनीत माझं मशीन मशीनच्या जागी आहे, ओव्हन स्वच्छ, पंपावर जुनी चादर. ह्यांचा आता डावा हातही हलतो. मनात म्हटलं, चला, सुटलो. यंदा गाद्यांना ऊन द्यावं, नानकटाया कराव्यात, माळ्यावरचा लेमन सेट काढावा. आणि देवाची भांडी घासायची म्हणून सकाळी चिंचेचा गोळा ओट्यावर काढून ठेवला.

मागून चमच्यावर चमचा वाजावा तसा आवाज यायला लागला. खुळखुळ, खुळखुळ. वळून पाहिलं. हे येत होते. एका हातात खोबरेलाची बाटली, बुचासकट, ते ह्यांना उघडता येईनासं झालंय. आणि दुसऱ्या हातात माझी सांडशी. सांडशीत धरलेली वाघीण. बोट लागू नये म्हणून हॉलपासून ओट्यापर्यंत एवढी वाट हे तशीच, थरथरत्या सांडशीत धरून चालत आले होते. आठही चाकं वाजत होती. ती गाडी चालल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

एकवीस होत्या, आणि ह्यांना आणायला सापडला कुठला डबा, तर जनावरांचा. कत्तलखान्याचा. माझ्या देवाच्या भांड्यांशेजारी नेऊन ठेवला. त्याच्या बाजूला बाटली. आणि स्टूल ओढून, माझ्याकडे पाठ करून, मान पुढे घालून बसले.

ह्या खेळण्यांची किंमत मला अजून कळलेली नाही. कळेल असंही वाटत नाही.

मी विचारलं, "आधी काय?"

"आधी ती," हे म्हणाले. "मग मी."

मी चिंच मूठभर जास्त भिजत घातली.